शेपटी आणि स्वल्पविराम

सकाळी साडेआठला लेओन्तिनाबाईंचा फोन:
"या बरं लगेच. मशीनला गोवर आलाय."

गेलो. डॅन्यूबवरून सुटलेला वारा,
गोदीच्या पेन्शन कचेरीचा तिसरा मजला,
खिडकीत जेरेनियमची कुंडी,
आणि पडद्यावर ओळीओळीखाली
लाल नागमोडी रेघा.
गालात्स हे आमच्या शहराचं नाव.
त्याच्याखालीही रेघ.
म्हणजे जन्मापासून आम्ही
एका शुद्धलेखनाच्या चुकीत राहत होतो.

आधी नेहमीचं पाहिलं.
कोपऱ्यातली भाषा: हंगेरियन.
कुणाच्या तरी कोपराने दोन कळा एकदम दाबल्या असणार.
बदलली. झेड आणि वाय आपापल्या घरी गेले.
शब्दकोश होता, पण बंद. चालू केला.
निम्म्या रेघा मावळल्या.
निम्म्या तशाच, हट्टी,
ताप उतरला तरी न जाणाऱ्या पुरळासारख्या.

मग चष्मा काढून नाक काचेला टेकवलं.

आमच्याकडे एस आणि टी यांच्या पायाखाली
एक बारीक खूण लागते.
ती असली की स चा श होतो, त चा त्स.
नियमाने तो स्वल्पविराम,
अक्षरापासून केसभर सुटा.
पण जुन्या मशीनांत तो नव्हताच.
तेव्हा ज्याने त्याने शेजाऱ्याची शेपटी उसनी आणली,
तुर्की एसची, टाचेला चिकटलेली,
आणि नड भागली, म्हणून परत करायची राहिली.
डोळ्याला फरक नाही. कागदावर तर नाहीच.
मशीनच्या लेखी मात्र दोन वेगळी अक्षरं,
दोन नंबर, दोन दारं,
आणि एकातून दुसऱ्यात जायला जिना नाही.

ध चा मा कुणी केला नव्हता.
कुणाच्या मनात काही वाकडंही नव्हतं.
एवढंच, की सत्त्याण्णवच्या यादीत
नेकुलाइ शोल्तुझ, वेल्डर, शेपटीसह,
आणि नव्या यादीत
नेकुलाइ शोल्तुझ, वेल्डर, स्वल्पविरामासह,
आणि बाहेर बाकावर त्याची बायको,
मार्चपासून चौथ्यांदा,
मांडीवर प्लास्टिकची पिशवी,
पिशवीत मृत्यूचा दाखला.

शोधलं की मशीन म्हणे: असा माणूस नाही.
"होता," ती दारातून म्हणाली. "घोरायचा."

बसलो बदलायला.
हे शोध, ते ठेव.
मोठा एस, लहान एस, मोठा टी, लहान टी.
चारच फेऱ्या,
अकरा हजार सहाशे चार जागा.
मध्येच पडदा थिजला, लेओन्तिनाबाईंनी क्रूस काढला,
मी फक्त पंख्याचा आवाज ऐकत राहिलो.
मग रेघा गेल्या, खालून वर,
कुणी उसवत गेल्यासारख्या.
गालात्स शुद्ध झालं.
नेकुलाइ एक झाला.
मेलेला, पण एक.

अर्ज छापून आला. बाईने सही केली.
एसखाली तिने काहीच काढलं नाही,
ना शेपटी, ना स्वल्पविराम.
मी बोट दाखवलं, तर म्हणाली,
"पन्नास वर्षं अशीच करतेय. वेळ कुणाला आहे?"

दुपारी तळमजल्यावर कॅन्टीन.
भिंतीवर आजचा बेत, त्याच मशीनवर
घाईत, खुणा न देता टाइप केलेला.
पेश्ते म्हणजे मासा. खूण गळाली की पेस्ते,
म्हणजे वरून, पलीकडून.
तर आज कॅन्टीनमध्ये
'पलीकडून'चं सूप होतं,
ब्रेडसह.
त्याच्याखाली लाल रेघ नव्हती.
का असेल? शब्द शुद्धच होता.
सकाळभर जो गोवर उतरवला
तो सगळा खऱ्या नावांवर होता,
आणि ही चूक इथे गुळगुळीत, निरोगी,
सेलोटेपने चिकटवलेली.

खिशातलं पेन काढून
मी एसखाली एक टिंब टेकवलं.
शेपटी की स्वल्पविराम, विचारू नका.

सूप बरं होतं.
काटे फार.