नीळ

मुक्तिधामच्या मागच्या गल्लीत, चहावाल्याच्या वर
माझं छपाईचं दुकान.
अरिंगळे काका जिना चढून आले,
दम खात बसले,
आणि फ्रेम टेबलावर पालथी ठेवली.

"बाई, सहा वर्षांपूर्वी तुम्ही म्हणाला होतात
शंभर वर्षं काही होत नाही."

म्हणाले होते.
खोक्यावर तसं छापलेलं होतं
आणि मी खोक्यावर विश्वास ठेवते.
ठेवायची.

बिटको दवाखान्याच्या पायरीवर शेवंता सिस्टर,
निवृत्तीच्या दिवशी.
कुंकू तेवढंच लाल,
गुच्छाचा हिरवा तसूभर हलला नव्हता.
शाईनं शब्द पाळला होता.
पांढरं तेवढं गेलेलं:
साडी, टोपी, मागची चुन्याची भिंत,
सगळ्यावर तापल्या दुधाची साय.

"पांढऱ्याला शाई नसते, काका.
जिथं पांढरं दिसतं तिथं आम्ही काहीच छापत नाही.
नुसता कागद."

"म्हणजे तिची साडी तुम्ही छापलीच नव्हती?"

"तिच्याभोवतीचं छापलं."

ते गप्प झाले. मीच बोलत राहिले,
अपराधी माणूस बोलतो तशी:
कागद मुळात इतका पांढरा नसतो,
कापसाचा असला तरी.
गिरणीत त्यात एक औषध घालतात,
न दिसणारा उजेड पिऊन निळसर उजेड सोडणारं.
ते ऊन खाऊन खाऊन थकतं.
हे पिवळं वरून आलेलं नाही काका,
निळं निघून गेलंय.

"नीळ," ते म्हणाले.
"रविवारी बादलीत पुरचुंडी हलवायची ती,
चार साड्यांना.
एखादा डाग पडला की राग माझ्यावर."

चौतीस वर्षं नोट प्रेसमध्ये काढलेला माणूस.
"आमच्या कागदाला असलं काही नसायचं.
जांभळ्या दिव्याखाली कागद गप्प राहिला पाहिजे.
लख्ख पेटला की समजायचं, बाहेरचा."

माझ्या गल्ल्यात नोटा तपासायचा टॉर्च होता.
पडदा ओढला. फ्रेम उकलली.
पट्टीखाली झाकलेली बोटभर कड
निळी पेटली,
आणि मधे, जिथवर खिडकीचं ऊन पोचलं होतं,
शेवंता सिस्टर विझलेल्या.

मग त्यांनी पिशवीतून दुसरी प्रत काढली.
कपाटातली. प्लास्टिकमध्ये, खाकी चिकटपट्टी लावून,
ऊन कधीच न पाहिलेली.
तीही पिवळी.

"आता हिला काय झालं?"

प्लायचा गोंद श्वास सोडतो, प्लास्टिक सोडतं, चिकटपट्टी सोडते,
आणि ज्या थरानं शाई घटकेत प्यायली
तोच थर कपाटातली हवा पीत बसतो.
हे पिवळं वेगळं.
उजेड दाखवला तर यातलं थोडं परत जातं, म्हणतात.

"उन्हात ठेवला तर नीळ जाते.
अंधारात ठेवला तर हे."
त्यांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले,
कडेला कड, नोटांची थप्पी लावावी तसे.
"मग ठेवायचा कुठं?"

कोपऱ्यात मशीन आपलं तोंड धूत होतं,
त्याच्याकडे बघत राहिले.

शेवटी नीळ नसलेला कागद काढला,
कापसाचा, ताकाच्या रंगाचा.
"हा पहिल्या दिवसापासून असाच दिसेल."
"आणि पुढं?"
"पुढंही. बहुतेक."
शंभर म्हणाले नाही.

छापून निघाला. त्यांनी स्वतःच टॉर्च धरला,
साडीवर, टोपीवर, भिंतीवर.
कुठंच काही पेटलं नाही.
"ड्यूटीवरून यायची तेव्हा अशीच असायची साडी," म्हणाले,
आणि टॉर्च न विझवताच,
"हा आपला."

कपाटातली प्रत माझ्याकडे राहिली.
खिडकीला लावलीय, उजेड दाखवायला.
चहावाला विचारतो, कोण लागतात तुमच्या?

आज पाचवा दिवस.
सकाळी पदराच्या टोकाशी
जरा उजळल्यासारखं वाटलं.
मग ढग आला.