पीळ

अगादेझला तारा सुट्या मिळतात,
सिगारेटीसारख्या.
आज अख्खा संच आलाय, तामनरासेतहून,
ट्रकवाल्या इल्लाच्या पगडीच्या घडीत.
सहा पुडकी. मी दोनदा मोजली.

दुकान माझं मोटारसायकलींचं.
गिटारीही इथंच येतात,
कारण गल्लीत धड पक्कड एवढी एकच.

सगळ्या एकदम काढायच्या नाहीत,
एक उतरवायची, एक चढवायची,
नाहीतर गिटारची मान रुसते,
असं खमिदून सांगतो.
खाणीत बावीस वर्षं काढली त्यानं.
डावा कान तिथंच राहिला,
उजव्याला अर्धंमुर्धं येतं.

जुनी सहावी काळी पडली आहे.
दोनदा उकळून घेतली होती, चहाच्या किटलीत,
तो चहा सगळ्यांनी निमूट प्यायला.
पक्कडीनं तोडली तरी
जमिनीवर वेटोळं घालूनच पडते.
सुंभ जळतो म्हणे, पीळ काही जात नाही.

खाचेत शिसपेन्सिल घासते, भाचीची.
तार अडकली की आधी हट्ट धरते
आणि मग एकदम सुटते, नको तिथं.
खुंटीवर तीन वेढे, एकाखाली एक.
दोनच घातले
तर पहाटे भर लग्नात नाक कापते.

मग खाली बोट घालून ओढायची,
हलकेच. पुन्हा.
नव्या तारेला अजून पुडकं आठवतं.
लावली की उतरते,
शाळेत सोडलेलं पोर
फाटकापर्यंत आपल्या मागं येतं, तशी.
परत नेऊन बसवायचं.
परत.

सूर लावायचा कशावर?
एक यंत्र होतं, ते वाळूनं खाल्लं.
म्हणून जनरेटर.
त्याच्या घुमण्यावर तिसरी,
तिच्यावर बाकीच्या.
पेट्रोल संपत आलं की तो खाली येतो,
मग वाजवणाराही अंदाजानं खुंट्या सैल करतो
आणि अख्खं लग्न हळूहळू उतरतं.
नाचणारे नाचतात.

आई दारात बसून बघते.
तिचं इमझाद एका तारेचं, घोड्याच्या केसांची,
कातडं जरा निखाऱ्यावर धरलं की झालं.
'सहा कशाला गं?
एकीशी जुळवून घेण्यात माझा जन्म गेला.'

संध्याकाळी खमिदून येतो.
गिटारच्या शिंगाला दात लावतो, डोळे मिटतो.
मी एकेक तार छेडते,
ती लाकडातून त्याच्या जबड्यात जाते,
तिथून कुठं, ते त्यालाच ठाऊक.
'दुशली,' तो म्हणतो, लाकूड तोंडात धरून.
वर की खाली?
बोट खाली.
मला बरोबर वाटते. जनरेटरलाही.
बोट खालीच.
केसभर उतरवते.
आणि काय सांगू, त्यानंतर बाकीच्या पाचजणी
आपापल्या जागी नीट बसल्यासारख्या वाटतात.

शिंगावर रंग उडालाय, चार दातांपुरता.
नवं गिऱ्हाईक विचारतं, 'कुणी चावलं?'

जुनी सहावी टाकली नाही.
इल्लाच्या ट्रकचा सायलेन्सर लोंबत होता,
तो तिनं बांधला, पाच वेढे घालून.
सकाळी ट्रक सुरू झाला तशी ती थरथरायला लागली.
खमिदून लग्नाहून परतत होता,
डोळे तांबारलेले, गिटार पाठीला.
जाता जाता त्यानं टपावर तळहात ठेवला,
क्षणभर थांबला,
आणि मला म्हणाला,
'ही उतरलीय.'