सहा फ्लास्क

तानयांगच्या चष्म्याच्या कारखान्यात, तिसऱ्या मजल्यावर
माझं काम एवढंच :
दिव्याखाली भिंग धरायचं, ओरखडा शोधायचा,
सापडला की डावा ट्रे.
अकरा वर्षांत डोळे असे झालेत
की भाताच्या वाडग्यावरही चरा दिसतो.

कंपनीचा ग्रुप त्रेचाळीस जणांचा.
साहेब रात्री साडेदहाला लिहितात, 'उद्या वीस हजार नग',
आणि बेचाळीस अंगठे वर होतात.

आमचा वेगळा होता, सहा जणांचा.
नाव ठेवलं होतं 'खारवलेला मुळा'.
त्यात थान ताईच्या गुडघ्याचा एक्स-रे,
छोट्या हौला तिसऱ्यांदा आलेला नकार,
साहेबांच्या टोपावर रचलेल्या चार ओळी
आणि एकदा मिआओचं रडणं,
छप्पन्न सेकंदांचं, आवाजी.
आम्ही पाचही जणांनी ते शेवटपर्यंत ऐकलं,
विषय कोणी काढला नाही.
दुसऱ्या दिवशी तिच्या डब्यात
पाच डब्यांतली पाच अंडी.

दुपारी दिवे मालवून टेबलावर डोकं टेकायचं.
बारा पन्नासला जाग येईपर्यंत
कोणीतरी सहाही फ्लास्क गरम पाण्याने भरून ठेवलेले.
पाळ्या लावल्या नव्हत्या.
कोण, ते मी कधी विचारलं नाही.
झोप मात्र लागायची.

मग वर्षअखेरचं जेवण.
साहेब प्याला घेऊन आमच्या टेबलाशी आले,
मी दोन शब्द बोलले, ते थबकले :
'तू कुठल्या गावची?'
एकाच जिल्ह्यातले निघालो.
तेही 'भात' म्हणताना नाकातून म्हणतात, माझ्या मामासारखा.
तीन प्याले झाले. घसा जळला.
आई फोनवर म्हणाली, 'बघ, मी सांगत नव्हते, माणसं जोडावीत.'
वसंतात मी लाइनप्रमुख. आठशे युआन जास्त.

मुळ्याच्या ग्रुपवर फटाक्यांची चित्रं आली,
अगदी सहा जणांच्या ग्रुपवर असतात तशी.
नंतर काही नाही.
कोणी बाहेर पडलं नाही, कोणी मला काढलं नाही.
फक्त आता कधी कधी
पाच फोन एकदम थरथरतात
आणि माझा टेबलावर निमूट.

डॉक्टरने पोट दाबून पाहिलं.
'काम फार आहे का?'
म्हटलं, उलट कमी झालंय.
'मग झोप का नाही?'
या प्रश्नाला डावा ट्रे नव्हता.

मला पाण्यात पाहत असतील म्हणावं,
तर काल बारा पन्नासलाही माझा फ्लास्क भरलेला.
फक्त त्याच्याखाली आता
नीट चौकोनी घडी घातलेला कागदी रुमाल असतो.
पूर्वी टेबलावर ओलं वर्तुळ उमटायचं,
मी बाहीने पुसायचे.
पाणी तेच. चवीवरून काही कळत नाही
मैत्रीचं आहे की प्रमुखबाईंचं.

उद्या मी बारा चाळीसला उठणार आहे.
सगळे फ्लास्क घेऊन जिना उतरणार आहे.
पण सहा फ्लास्क दोन हातांत मावत नाहीत.
इतकी वर्षं ते कसे नेले,
हे कोणाला तरी विचारावं लागेल.