डावा बॅक

कर्कॉडीच्या इस्पितळात, सात नंबरच्या वॉर्डात
खुब्याचं हाड मोडलेले डूगल गिलफिलन
रात्री पावणेदोनला घंटी वाजवतात.
दुखतंय का? नाही.
पाणी? नाही.
"नर्स, त्यांच्या सहा नंबरला कसं अडवायचं ते सापडलं."

जेवणाच्या ट्रेवर मैदान मांडलेलं.
अकरा हिरवी द्राक्षं म्हणजे ते,
एकतीस सामने न हरलेले.
चेंडू असा फिरवतात आपसांत
की समोरच्याला वाटावं, आपण कुणाच्या तरी लग्नाला आलोय
आणि ओळखीचं कुणीच नाही.

आपल्याकडे काय?
पायजम्याची दोन बटणं, मिठामिरीच्या सहा पुड्या,
गोलात जॅमची डबी,
पुढे एकटी, श्रवणयंत्राची संपलेली बॅटरी,
डाव्या बॅकला एक डायजेस्टिव्ह बिस्किट.

"चेंडू त्यांनाच देऊन टाकायचा," म्हातारा कुजबुजतो.
"घ्या म्हणावं. ठेवा. आठशे पास करा.
आपण नुसती दारं लावायची.
मधलं घट्ट, कडेचं जरा किलकिलं,
मग ते कडेनंच येणार.
आणि कडेला चिखल असतो."
लिनोलियमच्या कारखान्यात याची तीस वर्षं गेली,
जवसाच्या तेलाच्या वासात.
गुंडाळी उलगडताना घाई केली की सुरकुती पडते;
घाई त्यांना करू दे, म्हणतो.

मी सलाइनचे थेंब मोजत असते.
मला बोलायचं नसतं.
पण मी मंगळवार पेठेतली, आणि अण्णा गोलकीपर,
तालमीच्या मातीतून उठून थेट पोस्टाखाली उभे राहिलेले.
निघून जातं तोंडून:
"सहाला सोडा.
सहाला पास देणाऱ्या चाराला धरा.
पहिलवान अंगानं मोठा असला
की त्याच्या दंडाला भिडायचं नसतं,
त्याचा मागचा पाय कुठं टेकलाय ते बघायचं."

तो चष्मा शोधतो. घालतो. माझ्याकडे बघतो,
युनिफॉर्मकडे नाही.
मिरीची पुडी दोन बोटं पुढे सरकते.

"तुमच्याकडे फुटबॉल?"
आमच्याकडे, मी सांगते, आईचं माहेर दुसऱ्या पेठेत.
फायनलच्या आठवड्यात ती अण्णांना
वाढायची, पण आग्रह करायची नाही.

मग तीन वाजेपर्यंत आम्ही
बुटाची नाडी किती वेळा सोडायची ते ठरवलं,
गोलकिकआधी नाक कसं शिंकरायचं ते ठरवलं,
आणि कॉर्नर. एकच मिळेल, सत्तरीनंतर.
तो उंच माणसाच्या डोक्यावर नको,
सगळ्यात वैतागलेल्याच्या डोक्यावर द्यायचा.

गुरुवारपर्यंत मैदान खिडकीत राहिलं.
सफाईवाल्या ब्रॉनाला ताकीद होती.
द्राक्षं सुरकुतायला लागली,
ते त्याला शुभ वाटलं.

गुरुवारी टीव्हीचा आवाज बारीक.
पलीकडच्या खाटेवरचे, ज्यांना खेळात रस नव्हता,
ते उशीला टेकून बसलेले.
बाहेर फोर्थच्या खाडीवर एका जहाजाचा दिवा
जागचा हलत नव्हता.
चाळीस मिनिटं. साठ.
चार नंबर खरंच कोंडला गेला होता,
आपल्यातल्या कुणाला कसं कळलं कोण जाणे.
शहाऐंशी मिनिटं शून्य-शून्य,
आणि मी, जिनं औषधांची गाडी ढकलायला हवी होती,
ती गाडी धरून उभी.

मग ते आपल्या डावीकडून आले.
सावकाश, चालत आल्यासारखे.
तिथं कुणी नव्हतंच.

डूगल ओरडले नाहीत.
टीव्हीकडून मान वळवून त्यांनी खिडकीकडे पाहिलं,
बटणं, पुड्या, जॅमची डबी,
आणि डावीकडे थोडासा भुगा.
"नर्स," ते म्हणाले, "डावा बॅक कुठाय?"

त्या रात्री, साडेतीनला, चहा कोरडा घशाखाली उतरेना.

मी रक्तदाबाचा पट्टा त्यांच्या दंडाला गुंडाळला,
फुगवला,
आकडा लिहिला,
आणि पुन्हा फुगवला.