जानेवारीचं गवत

वर्लिन दुसेनं काउंटरवर सात पत्रे मांडले,
पंजाएवढे, वेगवेगळ्या नमुन्यांचे:
ऑक्टोबरचं गवत, जानेवारीचं गवत,
पाण्यात उभी सायप्रसची खोडं,
मक्याचे वाळके धांडे,
एक बर्फाचा. "तो वर, कॅनडाकडच्यांना,"
म्हणाला, आणि पालथा करून ठेवला.
"कुठल्या खाजणात बसतेस, त्यावर आहे सगळं."

मी बसते तिथं
मागल्या वादळात खारं पाणी शिरलं.
अर्धे लव्हाळे उभ्या उभ्या करपले.
बाप होडी बांधायचा तो खुंट
आता काठापासून वीस वाव आत, पाण्यात,
आणि त्यावर एक पाणकावळा पंख वाळवत असतो.
त्या रंगाचा पत्रा वर्लिनकडे नव्हता.
करडा म्हणावा तर करडा नाही,
पावसात विसरलेल्या दोरखंडाचा असतो, तसला.

बंदूक बापाची. बारा बोअरची, पंपाची.
नळीची निळी झिलई कधीच उडाली,
पुढच्या लाकडावर डाव्या हाताची जागा
फिकी, गुळगुळीत, किंचित खोलगट.
माझा हात तिथं बसत नाही.
माझी बोटं आखूड.

"सोपं असतं," वर्लिन सांगत होता,
"मागच्या खोलीत कोमट पाण्याची टाकी आहे.
पाण्यावर चित्राचा पापुद्रा सोडायचा,
तो विरघळायला लागला की बंदूक हळूच बुडवायची.
वर येते ती गवत नेसून.
ओरखडे, खड्डे, काही उरत नाही.
आधी घासून सगळं सपाट करून घेतो."

सपाट, म्हणाला.
मी मक्याच्या पत्र्याकडे बघत राहिले.

ओव्हिदकाकानं रंगवून घेतली होती त्याची.
इतकी बेमालूम, की रविवारी अंगणात
झुडपाला टेकवून ठेवायचा
आणि येईल त्याला म्हणायचा, शोध.
मग एका पहाटे जखमी बदक धरायला
तिला लव्हाळ्यांत उभी करून उतरला,
मांडीभर पाण्यात. बदक मिळालं.
दुपारपर्यंत आम्ही गवत चाचपत होतो,
चार माणसं, दोन होड्या, एक कुत्री.
काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणावं,
तर इथं काखच सापडेना.
काकी धक्क्यावरून ओरडली,
"बदकांना फसवायला गेला होतास ना?"
कुत्री सुद्धा त्या दिवशी
काकाकडे बघेना.

ती अजून तिथंच कुठंतरी आहे.
भरलेली.
काकाला जाऊन नऊ हिवाळे झाले,
त्या वळणावर मी अजून
पाय आधी टेकवते, मग टाकते.

बापानं कधी रंग लावला नाही.
बदकाला बंदूक दिसत नाही, म्हणायचा,
वर बघणारं तोंड दिसतं.
ताटासारखं चकाकतं ते, खाली घाल.
मग होडीच्या कडेवरून वाकून
दोन बोटं चिखल काढायचा,
सडक्या अंड्याच्या वासाचा, बर्फासारखा गार,
आणि आधी माझ्या गालांना, मग स्वतःच्या.
आम्ही एकमेकांकडे बघत नसू.
हसू आलं तर दात दिसतात.

"मग?" वर्लिननं पेन्सिल कानामागून काढली.
दुकानात दुसरं गिऱ्हाईक आलं होतं,
काडतुसांची पेटी मांडीवर आपटत उभं.

नळीला जानेवारी लाव, म्हटलं.
दस्त्याला पण लाव.
पुढच्या लाकडाला हात लावायचा नाही.

"मग तेवढंच दिसेल की."
दिसू दे.
"मधोमध. उघडं."
पडलीच कधी गवतात,
तर मला काहीतरी दिसायला हवं.

तो काही बोलला नाही.
बंदूक उचलली, लाकूड उजेडात फिरवलं,
त्या फिक्या जागेवर स्वतःचा हात ठेवून बघितला,
सवयीनं असेल.
पावतीवर लिहिलं, अर्धं काम.
पैसे मात्र पुऱ्याचे लावले.