रकाना क्रमांक चौदा

स्वॉन्झीत, गालिच्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर
मी नन्नाचा पाढा म्हणतो.
साडेआठ ते साडेचार, मध्ये अर्धा तास सुट्टी.
पाढा छापील आहे. सुरुवात
"आम्ही आपली अडचण समजू शकतो" अशी करायची,
शेवटी हवामानाबद्दल एखादं वाक्य चालतं.

मंगळवारी एर्लिस प्रॉथेरो.
बाईंचं वय विचारायचं नसतं, कुत्र्याचं विचारायचं.
सहा, म्हणाल्या. किंवा सात.
मेंढपाळाने डझनभर अंड्यांवर देऊन टाकला,
जन्मतारखेचं कोण बघतो.
नाव?
तारान. म्हणजे गडगडाट, त्यांनी समजावलं,
मला वेल्श येत नाही असं धरून,
आणि मी काही बोललो नाही,
कारण खरंच फारसं येत नाही.

रकाना चौदा: आधीपासूनचे आजार, व्यंग.

किराण्याची यादी सांगावी तशा सांगत गेल्या:
दोन्ही कानांनी ठार बहिरा, जन्मापासून.
मागचा डावा पाय गुडघ्याखाली नाही,
गवतकापणीच्या यंत्राने नेला,
ते येताना त्याला ऐकू आलं नाही.
साखर. सुई सकाळी सातला, संध्याकाळी सातला.
आणि उजव्या डोळ्यात हल्ली जरा धुकं,
पण ते लिहायलाच हवं का?

मी लिहून टाकलं होतं.

मग पाढा.
साखर वगळली.
डोळे वगळले, दोन्ही,
एकातलं धुकं दुसऱ्यात उतरू शकतं.
पाय चारही; नसलेला पायसुद्धा
आमच्याकडे पायांतच धरतात.
आणि बहिरेपणातून उद्भवणारं सगळं:
मोटार, सायकल, परका कुत्रा,
पाठीमागून येणारं काहीही.

पाचवीला पुजलेलं तेवढंच आम्ही वगळतो असं नाही.
सहावीला, साठाव्या दिवशी, काल रात्री आलेलंही
आधीपासूनचंच,
फक्त पहिल्या हप्त्याच्या आत यायला हवं.

उरलं काय मग? त्यांनी विचारलं.
मी यादी वरून खाली पाहिली.
शेपूट, म्हणालो.
दातांना वेगळा हप्ता पडतो.

त्या हसल्या. खोकल्यासारखं, बराच वेळ.

पाढ्यात एक दयाळू ओळही आहे, ती म्हटली:
सलग दोन वर्षं लक्षण दिसलं नाही
तर पुन्हा विचार होऊ शकतो.
दिसतच नाही हो ते, बाई म्हणाल्या,
बहिरेपण कधी दिसतं का?
शेजारी तर त्याला गर्विष्ठ समजतात.

आणि पाच नोव्हेंबरला, फटाक्यांच्या रात्री,
गल्लीतली सगळी कुत्री पलंगाखाली थरथरतात,
एकाने मागल्या साली काचेच्या दारातून उडी घेतली,
सतरा टाके, तुमच्याच कंपनीने भरले.
माझा गडगडाट घोरत पडतो.
त्याची काही सूट?

असा रकाना नाही.
पंधरावा थेट बँकेचा आहे.

यॉर्कमधली एक कंपनी घेते असली जनावरं,
हप्ता जबर, मर्यादा तोकडी, पाय मात्र मोजून घेतात.
हे मी सांगायचं नसतं.
नावाची अक्षरं दोनदा सांगितली, सावकाश.
त्यांच्या पेन्सिलीचा आवाज आला.
तिथेही नाही म्हणाले तर
दर शुक्रवारी वीस पौंड बरणीत टाका, म्हणालो,
माझी आई मांजरासाठी टाकायची.
मांजर बरणीआधी गेलं, ते नाही सांगितलं.

थांबा, बाई म्हणाल्या, त्यालाच सांगा काय ते,
आणि रिसीव्हर खाली नेला.

बहिऱ्याला काय सांगणार?
नळातून पाणी ओढावं तसा श्वास,
मध्येच गंजक्या बिजागरीची कुरकुर,
फरशीवर एक नख. पुन्हा श्वास.
मी छापील कागद उलटा घातला.

शुक्रवारी साहेबीणबाईंनी ते ध्वनिमुद्रण लावलं.
एक मिनिट चाळीस सेकंद कोणीच बोलत नाही,
हे काय, गेथिन?
पडद्यावर कारणांची यादी उघडली होती,
सहा कारणं, एक निवडायचं.

मी तांत्रिक बिघाड निवडलं.
त्यांनी आवाज वाढवला,
मान जरा तिरकी केली,
आणि मुद्रण बंद करायचं
बराच वेळ विसरल्या.