पाच व्होल्ट

ऑलरेन्शॉनं ती पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली,
बाजारात सुकट बांधून देतात तशी.
चाळीस पौंड. वर दोन स्क्रू फुकट.
मोरकॅमच्या किनाऱ्यावर त्याचं खेळघर होतं एकोणतीस वर्षं,
आता तिथे गाद्या विकतात.
"चालते का?" मी विचारलं.
"चालायची," तो म्हणाला
आणि भरती कुठवर आली ते बघायला खिडकीकडे वळला.

कडेला मळकी चिकटपट्टी, तिच्यावर पेन्सिलीनं :
दोन नंबरला गोळी नाही.
खेळाचं नाव मात्र कुठेच नाही.

मी इस्पितळाच्या लॅबमध्ये आहे.
दिवसभर लोकांचं पोटॅशियम मोजते,
सहाच्या पुढे गेलं की वॉर्डात फोन लावते.
इथे सगळा जीव पाचात.

ओट्यावर टॉवेल पसरला.
वरून अठ्ठावीस, खालून अठ्ठावीस,
छप्पन्न पितळी बोटं.
खोडरबरानं एकेक घासलं;
किती उन्हाळ्यांचं काळं निघालं.
जोडणी उलटी बसली तर संपलं,
एवढंच मला ठाऊक होतं.
लाल कुठे, काळी कुठे, चारदा तपासलं.
पाचव्यांदा शर्वाणीनं, वय वर्षं अकरा,
मला बाजूला सारून.

बटण दाबलं.
पडद्यावर हिरवा-गुलाबी पसारा,
रांगोळीवरून मांजर गेल्यासारखा,
आणि स्पीकरमधून एकच लांब कण्हणं.

पुरवठ्यापाशी मीटर म्हणतो पाच.
पाटीपाशी टोचून पाहिलं : चार पॉइंट सहा.
दीड हात तार,
तेवढ्यात उरलेलं गेलं कुठे?
तारच खाते, हे मला कळायला हवं होतं.
दर रविवारी आई फोनवर विचारते, बरी आहेस ना,
मी इथून अख्खं "हो" पाठवते.
तिकडे किती पोचतं कोण जाणे.

बारीक स्क्रूड्रायव्हर. केसभर फिरवला.
चार आठ.
चार नऊ.
पाच शून्य पाच.
आणि पसारा एकाएकी आवरला गेला :
तारे, तटबंदी, छोटंसं हिरवं विमान,
आडवं.
सगळंच आडवं. वर जायचं ते डावीकडे निघालेलं.

आमचा जुना टीव्ही म्हणजे अडतीस किलोचा रांजण,
त्याला कुशीवर कोण निजवणार?
"मग आपण निजू," शर्वाणी म्हणाली.
गालिच्यावर डाव्या कुशीवर दोघी, एकीमागे एक,
कानाखाली एकच उशी.

नाण्याच्या जागी आता एक बटण.
तिनं सत्तावीस जीव घेतले, फुकट.
मला बघवेना.
"एका वेळी एकच," मी म्हटलं, रेशनच्या आवाजात.

दोन नंबरचं विमान माझं.
गोळी नाही, नुसतं चुकवायचं,
तिच्या पुढे यायचं, मागे सरायचं,
एखादी आपल्या अंगावर घ्यायची.
याचा सराव मला होताच.

साडेअकराला : अठ्ठेचाळीस हजार दोनशे पन्नास.
पहिला नंबर.
नावाला तीनच अक्षरं. तिनं एक तिचं घातलं,
एक माझं, मधे टिंब.
बंद केलं.
सकाळी चालू केलं तर
यादीत पुन्हा तीच कारखान्यातली अनोळखी माणसं.
आम्ही कोण, ते त्या पाटीला आठवतच नव्हतं.
फ्रिजवरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावर
मी आकडा लिहून ठेवला, सात बाविसाच्या भरतीशेजारी.

ऑलरेन्शॉला फोन केला : चालते.
बराच वेळ नुसता वाऱ्याचा आवाज.
"दोन नंबरला गोळी?"
"नाही."
"नसणारच. एका चिपचा पाय मीच कापला होता.
आमची डॉट फार जिंकायची."

दोन टाक्यांचं काम आहे, म्हणाला तो.
सोल्डरिंग गन आणलीय.
खोक्यातच आहे.